पुसट चेहऱ्याच्या बाईसाहेब

आमच्या बाईसाहेब ऑब्रेला देऊन टाकायच्या, असं माझ्या बहिणीने, मिलिसेंटने, परस्पर ठरवलं आणि मला सांगितलं ते न्याहारीच्या टेबलावर, संत्र्याच्या मुरंब्याची बाटली पुढे सरकवता सरकवता. जणू काही एखादी जुनी छत्री द्यायची होती.

"गुरुवारी ऑब्रे चहाला येतोय," ती म्हणाली. "लंडनच्या संग्रहालयातल्या कुणा तज्ज्ञालाही आणतोय. ते बघतील, आणि सगळं ठीक असलं तर घेऊनच जातील."

"घेऊन जातील? कुठे?"

"कॉम्बली कोर्टला. कपाटात. बाकीच्या मंडळींच्या शेजारी."

मी टोस्ट खाली ठेवला. "मिली, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"चहा गार होतोय तुझा," मिली म्हणाली. उत्तर द्यायचं नसलं की तिला माझ्या चहाची फार काळजी वाटायला लागते. लहानपणापासून हे असंच आहे.

बाईसाहेब म्हणजे लेडी थॉमसिन. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अमदानीत कॉम्बली कोर्ट या वाड्यात सून म्हणून आलेली आमची पूर्वज. म्हणजे तिचं चित्र. कोंबडीच्या अंड्याएवढं, वासराच्या कातड्याच्या पातळ पापुद्र्यावर जलरंगांत काढलेलं, सोन्याच्या डबीत काचेखाली बसवलेलं. मागे निळा रंग, गळ्याभोवती चाळणीसारखी गोल चुणीदार झालर, छातीशी खोवलेला लाल गुलाब, कानात मोहरीएवढे मोती. चेहरा मात्र पुसट. एक डोळा तेवढा नीट दिसायचा, बाकी सगळं धुक्यात. उन्हाने रंग उडाला, असं घरात येणारा जाणारा म्हणायचा. आम्ही कुणी तिला थॉमसिन म्हणत नसू. बाईसाहेब, बस्स.

कॉम्बलीचं घर, जमीन, पदवी, तळ्यातले मासेसुद्धा थोरल्या मुलाला जातात. मुलींच्या वाट्याला येतात लग्नाचे कपडे आणि उपदेश. बाईसाहेबांनी म्हणे जाताना हे एवढंसं चित्र कुणाला कळायच्या आत लेकीच्या मुठीत कोंबलं. तेव्हापासून ते आईकडून थोरल्या लेकीकडे जातं. लग्नाच्या सकाळी आई डबी आणून नवरीच्या आरशापुढे ठेवते, सोन्याचं कडं फिरवून वरची काच काढते आणि खोलीबाहेर निघून जाते. दार बंद. आत नवरी एकटी आणि बाईसाहेब एकट्या. मग नवरीने त्यांचा मुका घ्यायचा, मध्ये काच नाही, काही नाही. काच पुन्हा बसवायची, डबी पोलक्याच्या आतून टाचायची आणि खाली चर्चला निघायचं. मुका घेतला की बाईसाहेब तिच्या झाल्या. नाही घेतला तर नाहीत. पुरुषांना यातलं काही सांगायचं नाही, आणि आमच्या पुरुषांनी कधी विचारलंही नाही म्हणा.

थोरली मी आहे. हेस्टर.

पहिल्या महायुद्धात माझं लग्न ठरलं होतं. झगा शिवून आला होता, केकसाठी साखर कुठून कुठून जमवली होती, आणि लॉरेन्स रजेवर यायचा त्याच्या आदल्या आठवड्यात तो फ्लँडर्सच्या आघाडीवर पडल्याची तार आली. आईने तो झगा कुणाला तरी देऊन टाकला आणि डबी आपल्या कपाटात परत ठेवली. तीन वर्षांनी मिलीचं लग्न झालं. मी जिन्याच्या पायथ्याशी तिच्या फुलांचा गुच्छ धरून उभी होते. वर तिच्या खोलीचं दार बंद. बऱ्याच वेळाने ते उघडलं आणि मिली खाली आली, तर डोळे लाल, नाक लाल. नवऱ्या मुली रडतातच. मी गुच्छ तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "नाक पूस." त्या दिवशी मी तिच्याशी तेवढंच बोलले.

राग नव्हता असं सांगणार नाही. चांगला सणसणीत राग होता. लॉरेन्स काही परत येणार नव्हता, ते मला कळत होतं. पण बाईसाहेब तर होत्या ना! त्या त्याच घरात, त्याच कपाटात होत्या, आणि माझ्या डोक्यावरून उडी मारून धाकटीकडे गेल्या. का, तर माझा नवरा चर्चच्या पायरीपर्यंत पोचला नाही. मला त्या हव्या होत्या. साठी उलटली तरी हव्या होत्या. मिलीचा कर्नल वारला, मी माझं बिऱ्हाड उचलून तिच्याकडे राहायला आले, तेव्हा लोक म्हणाले बहिणी-बहिणींची सोबत झाली. सोबत झालीच. पण खरं सांगू? तिच्या खोलीतल्या खणात बाईसाहेब होत्या, आणि त्या छपराखाली राहायला मिळत होतं, हेही होतं.

त्या दिवशी न्याहारीनंतर मी तिचा पिच्छा पुरवला. ती कुत्र्याला घेऊन बागेत, मी मागे. ती कोंबड्यांच्या खुराड्याशी, मी मागे.

"मुली नाहीत मला," ती शेवटी म्हणाली. "एक मुलगा केनियात, एक कॅनडात. केनियातली सून ती डबी कोटावर पदकासारखी लावून क्लबात जाईल. कॅनडातलीला तर ते चित्र कशाचं आहे हेच समजणार नाही. आपण दोघी गेल्यावर काय?"

"आपण गेलोय का अजून?"

"हेस्टर, ओरडू नकोस, कोंबड्या बिचकतात."

"बिचकू देत! थोरली मी आहे. तुला नको तर मला दे."

हे मी प्रथमच तोंडाने म्हटलं. इतकी वर्षं टोमणे मारले, पण मागितलं कधी नव्हतं. मिलीच्या हातातलं दाण्याचं भांडं तसंच राहिलं. ती माझ्याकडे असं काही बघायला लागली की मला वाटलं आता काहीतरी बोलेल. पण नाही.

"देता येत नाही मला," ती म्हणाली, आणि खुराड्यात शिरली.

देता येत नाही म्हणे! ऑब्रेला देता येतं, मला देता येत नाही. गुरुवारपर्यंत मी तिच्याशी फक्त कुत्र्याच्या मार्फत बोलले. "सांग तुझ्या मालकिणीला, दूधवाला आलाय."

गुरुवारी बरोबर चहाच्या वेळेला ऑब्रेची गाडी आली. ऑब्रे म्हणजे आमच्या लांबच्या नात्यातल्या भावाचा मुलगा, सध्याचा लॉर्ड कॉम्बली. पदवी भारदस्त, पण माणूस साधा. पस्तिशीतच पोट सुटलंय, कोटाच्या कोपरांना चामड्याची ठिगळं. घराचं छप्पर गळतं म्हणून त्याने कॉम्बली कोर्ट लोकांना बघायला उघडलं होतं, अर्ध्या क्राउनचं तिकीट लावून. लोक त्याला विचारत, त्या निळ्या मखमलीच्या कपाटात सगळ्या पूर्वजांची इवलीइवली चित्रं आहेत, मग मधला एक खळगा रिकामा का? त्याला ते लागलं होतं.

"हेस्टर आत्या, मिली आत्या," त्याने दोघींच्या गालाला गाल लावला. "हे मिस्टर ऑटवे. यांना अशा चित्रांतलं सगळं कळतं."

"सगळं?" मी म्हटलं. "वा! मग बसा की."

मिस्टर ऑटवे उंच, वाळकुडे, लांब बोटांचे. एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवल्यासारखं बोलायचे. त्यांनी केकला नको म्हटलं, खिडकीजवळ टेबल ओढायला लावलं, हात धुवून आले आणि वही उघडली.

"आधी मालकीचा इतिहास," ते म्हणाले. "कुणाकडून कुणाकडे गेलं, ते सांगा. कागदपत्रं आहेत?"

"कागद कोण करणार?" मी म्हटलं. "ज्यांच्याकडे कागद होते त्यांच्यापासूनच तर लपवायचं होतं."

मिलीने डोळे वटारले. पण सांगायला लागले ते मीच, कारण तिला मधली नावं धड येत नाहीत. आमची आई वेणी घालताना ती म्हणवून घ्यायची. थॉमसिनची मार्जरी, मार्जरीची ब्रिजेट, ब्रिजेटची डॉर्कस... ब्रिजेटच्या वेळी यादवी चालू होती. सैनिक घरात शिरले तेव्हा तिने डबी मळलेल्या कणकेत दडपली आणि तो पाव त्यांच्या देखत भट्टीपासून दूर सरकवून ठेवला. डॉर्कसच्या नवऱ्याने जुगारात घोडे घालवले, चांदीची भांडी घालवली, पण बायकोच्या पोलक्यात हात घालायची काही त्याची छाती झाली नाही. तिची लेक आयर्लंडला गेली, तिची लेक परत आली. अशी आमच्या आईपर्यंत.

"एक मिनिट," ऑटवे म्हणाले. "दर पिढीला आडनाव वेगळं आहे. हे एकच घराणं कसं?"

"आडनावं नवऱ्यांची. घराणं आमचं."

ऑब्रे खो खो हसला. ऑटवेंनी काहीतरी लिहिलं आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मला दिसलं ते!

"आणि सध्या मालकीण मिसेस फॅरंट," त्यांनी मिलीकडे पाहून लिहिलं. मिली चहाच्या कपात बघत होती. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

मग ती उठली, वर गेली, डबी घेऊन आली. ऑटवेंनी एक स्वच्छ पांढरा रुमाल अंथरला. "आता एक विनंती. मी काच काढल्यावर कुणी हिच्यावर वाकून बोलायचं नाही. शक्यतो तोंडापुढे रुमाल धरा. हे जलरंग आहेत. थुंकीचा बारीकसा कण उडाला तरी डाग पडतो. हे चित्रकार काम करताना रेशमी कपडे घालत, की धागा उडू नये. शिंकसुद्धा आवरून धरत."

आम्ही दोघी बहिणींनी रुमाल तोंडाशी धरले. एकमेकींकडे बघायचं कटाक्षाने टाळलं.

त्यांनी कडं फिरवलं, काच उचलली, भिंग डोळ्याला लावलं. मग चित्र उलटं केलं. मागे पत्त्यांतलं पान चिकटवलेलं, बदामाची दुर्री. त्या काळचे चित्रकार असंच पान लावत म्हणे, ते बघून जरा खूश झाले. पुन्हा सुलटं केलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ऊन नाही हे," ते म्हणाले.

"म्हणजे?" ऑब्रेने विचारलं.

"उन्हाने उडायचा तर हा गुलाब आधी उडाला असता. लाल रंग उन्हाला फार कच्चा. पण गुलाब काल काढल्यासारखा आहे. निळा शाबूत, मोती शाबूत. गेलाय तो फक्त चेहरा आणि त्याला लागून झालरीचा काठ. इथे ओलं काहीतरी लागलंय. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. नाक नाही, ओठ नाहीत, उजवा डोळा नाही. कुणीतरी हिचं तोंड पुसत होतं!" त्यांचा आवाज चढला. "पिढ्यान् पिढ्या! कुठली तरी मूर्ख मोलकरीण, ओलं फडकं घेऊन..."

मिलीच्या रुमालाआडून खिंकाळल्यासारखा आवाज आला. मी तिच्याकडे बघितलं. बघायला नको होतं. चार दिवसांचा अबोला कुठल्या कुठे गेला, आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि कुत्रं उठून भुंकायला लागलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" ऑटवे म्हणाले.

"मोलकरीण नव्हती हो ती," मी रुमालाने डोळे पुसत म्हटलं. "लेडी मार्जरी, लेडी ब्रिजेट, सगळ्या सगळ्या!" आणि सांगून टाकलं. पुरुषांना सांगायचं नाही, हे खरं. पण आमच्या आज्या-पणज्यांना कुणी मूर्ख मोलकरीण म्हटलेलं मला खपलं नाही.

ऑटवे खुर्चीत मागे टेकले. त्यांचा रंग खरोखर उतरला होता. "मुके?" ते म्हणाले. "काच काढून? ओठांनी?"

"मग कशाने घेतात तुमच्याकडे?"

"आत्या!" ऑब्रे म्हणाला, पण त्याचेही खांदे हलत होते.

हसू ओसरलं. मी टेबलाजवळ जाऊन त्या पुसट चेहऱ्याकडे पाहिलं. आयुष्यात प्रथम काचेवाचून पाहत होते. म्हणजे हे ऊन नव्हतं. या त्या बायका होत्या. घाबरलेल्या, आनंदलेल्या, काहींना नवरा कोण हेही धड माहीत नव्हतं, अशा मुली एकट्या खोलीत उभ्या राहून यांच्या गालाला ओठ लावून गेल्या होत्या आणि जाताना बाईसाहेबांचा कणभर रंग घेऊन गेल्या होत्या. आमची आईसुद्धा. मला एकदम आईची इतकी आठवण आली की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"असो," ऑटवे म्हणाले. "हे दुरुस्त करता येईल. कॉम्बलीला हिचंच मोठं तैलचित्र आहे. त्यावरून एक चांगला कारागीर चेहरा नव्याने भरून देईल. नाक, ओठ, गाल. बघणाऱ्याला फरक कळणार नाही. फक्त तोवर हिला ओलावा लागता कामा नये. अजून एकदा असला प्रकार झाला तर हा डोळाही जाईल."

"उत्तम!" ऑब्रे म्हणाला. "लोकांना चेहरा तर दिसायलाच हवा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "लोकांना? अरे, लोकांचा काय संबंध? अर्धा क्राउन दिला की झालं? इतक्या जणींनी मुके घेऊन घेऊन जी जागा केली, त्यावर तुझा कुणी रंगारी नवीन गाल चोपडणार? आणि मग ही डबी कपाटात कुलपाखाली जाणार, त्याच घरात, जिथून हिने ती मरता मरता बाहेर काढली! ऑब्रे, तू चांगला मुलगा आहेस, पण काही कळत नाही तुला."

"हेस्टर आत्या, मी काही हिसकावून नेत नाहीये," तो बिचारा लाल झाला. "मिली आत्यानेच पत्र लिहिलं मला."

"तेच तर! तिला सगळं आयतं मिळालं ना! नवरा मिळाला, मुलं मिळाली, बाईसाहेब मिळाल्या. जिला मिळतं तिला किंमत नसते. मी मागितली तर म्हणते देता येत नाही!"

"नाहीच देता येत," मिली म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. रुमालाचा बोळा हातात. मिली कधी आवाज चढवत नाही, आताही चढवला नाही.

"देता येत नाही, कारण ती माझी नाहीच. मिस्टर ऑटवे, तुमच्या वहीतलं माझं नाव खोडा. मी मुका घेतला नव्हता."

ऑटवेंची लेखणी वहीवरच थांबली.

"आईने काच काढून ठेवली, दार लावलं," ती म्हणाली. "मी डबी उचलली. आणि मला जिन्याखाली उभी असलेली तू दिसायला लागलीस, हेस्टर. माझी फुलं धरून. तीन वर्षं आधी तुझा झगा त्याच खोलीत दाराला टांगलेला होता. तुझ्या आधी मी कशी घेणार? थोरलीची पाळी व्हायच्या आधी? मी तशीच बसले, रडले, काच परत लावली आणि खाली आले. तू म्हणालीस, नाक पूस."

मी खुर्चीत बसले. ऑब्रेने ती मागून सरकवली असावी.

"मग बोलली का नाहीस?" मी म्हटलं. "इतकी वर्षं! मिली, चाळीस वर्षं होत आली!"

"आधी वाटलं तू लग्न करशील. तो गुरांचा डॉक्टर यायचा की."

"त्याच्या अंगाला घोड्यांचा वास यायचा!"

"मला काय माहीत तुला वास चालत नाही! मी आपली वाट बघत राहिले. म्हटलं, हिचं लग्न ठरलं की लग्नाच्या सकाळी डबी हिच्या आरशापुढे नेऊन ठेवीन आणि दार लावून घेईन. मग तू चाळिशीची झालीस, पन्नाशीची झालीस. दर नाताळात म्हणायचे, आज सांगते. तेवढ्यात तू काहीतरी टोचून बोलायचीस, की राहून जायचं. आणि सांगून काय करू? लग्नाशिवाय द्यायची नाही हा आपला नेम. तुझं लग्न नाही, माझा मुका नाही. ती आईनंतर कुणाचीच नव्हती. म्हटलं ज्या घरातून आली तिथे तरी जाऊ दे. मला तो खण उघडवत नव्हता ग."

मी रागाने जिच्याकडे बघत आले, ती माझीच वाट बघत बसली होती. स्वतःच्या लग्नाच्या सकाळी आपला वाटा बाजूला ठेवून खाली आलेली माझी धाकटी बहीण, आणि मी तिला नाक पूस म्हटलं होतं.

मिलीने टेबलावरून डबी उचलली. उघडी, तशीच. ऑटवे अर्धवट उठले.

"पण मी आता म्हाताऱ्या डोक्याने विचार केला," ती माझ्यासमोर येऊन म्हणाली. "त्या दिवशी तू खुराड्याशी मागितलीस तेव्हापासून करतेय. तो पायरीपर्यंत पोचला नाही म्हणून तू नवरी नव्हतीस होय? झगा शिवून झाला होता. केकची साखर जमली होती. तू नवरी होतीस, हेस्टर. तूच नवरी होतीस. आईने तेव्हाच दार लावून घ्यायला हवं होतं. घे."

"मिसेस फॅरंट!" ऑटवे ओरडले. "मी आत्ताच सांगितलं, एकदा जरी ओलावा..."

"ऑटवे," ऑब्रे म्हणाला आणि त्याने त्यांचा दंड धरला. "माझ्या आत्यांच्या बागेतले गुलाब बघितलेत का तुम्ही?"

"ऑक्टोबरात? गुलाब?"

"नसतील तर ते कुठे असतात ती जागा बघू. चला."

"लॉर्ड कॉम्बली, ते चित्र पहिल्या दर्जाचं..."

"चला हो." जाताना ऑब्रेने मागे वळून पाहिलं. त्याचे डोळे ओले होते, पोरगा भला आहे. त्याने कुत्र्यालासुद्धा मानगुटीला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

आत आम्ही तिघी उरलो.

डबी माझ्या तळहातावर होती. हाडकुळा, डाग पडलेला हात, आणि त्यावर तो एक डोळा. मला वाटलं होतं, मिळाली की मला जिंकल्यासारखं वाटेल. तसलं काही वाटलं नाही. लॉरेन्सचे कान आठवले, ते जरा बाहेर आलेले होते आणि थंडीत लाल व्हायचे. किती वर्षांत मी त्याचा चेहरा नीट आठवायचा प्रयत्नच केला नव्हता. माझ्या रडण्याचा एखादा थेंब चित्रावर पडेल म्हणून मी मान मागे केली, आणि मग माझं मलाच हसू आलं, की आता काय सांभाळायचं राहिलंय?

"ओठ पुसून घेऊ का?" मी विचारलं. "केक खाल्लाय मी."

"पूस," मिली म्हणाली आणि स्वतःचा रुमाल पुढे केला.

मी ओठ पुसले. डोळे मिटले. बाईसाहेब थंडगार होत्या, आणि त्यांना जुन्या कागदाचा वास होता. मी घाई केली नाही. डोळे उघडले तेव्हा मिली माझ्या अगदी जवळ येऊन उभी होती, लग्नाला निघालेल्या मुलीसारखी केस सारखे करत.

"झालं ना तुझं?" ती म्हणाली. "मग सरक. आता माझी पाळी."